म्हापशाची रानअळंबी: पानाच्या पुडीपासून ताटापर्यंत

आषाढातल्या शुक्रवारी सकाळी साडेसातच्या आत गोव्यातल्या म्हापशाच्या बाजारात पोहोचता येत असेल आणि त्याच दिवशी दुपारपर्यंत ती शिजवता येत असेल, तरच वारुळावरची रानअळंबी विकत घ्यावी, असे माझे मत या पावसाळ्यात पक्के झाले आहे. आम्ही सावंतवाडीला राहतो. बांदा, पत्रादेवी, धारगळ असा महामार्गाने गेल्यास म्हापसा फार दूर नाही, आणि पावसाळ्यात महिन्यातून एखादी फेरी तरी आमची होतेच. या हंगामात मी ही अळंबी मुद्दाम वेगवेगळ्या ठिकाणांहून घेतली: बाजारात पानाच्या पुड्या घेऊन बसणाऱ्या बायकांकडून, महामार्गाच्या कडेला थांबून, घरपोच देणाऱ्या एका सेवेकडून, आणि एकदा शिजवलेली, खानावळीच्या ताटात. वस्तू एकच, दरातही फार मोठे अंतर नाही, पण हाती पडलेल्या मालात इतका फरक होता की चारही अनुभव सविस्तर लिहून ठेवावेत असे वाटले.

अळंबी म्हटले की शहरातल्या वाचकांच्या डोळ्यांपुढे डब्यातली पांढरी बटन अळंबी किंवा फार तर धिंगरी येते. ती दोन्ही लागवडीची आहेत. येथे ज्या अळंबीविषयी लिहीत आहे ती वाळवीच्या वारुळातून येते. कोकणात तिला अळंबीच म्हणतात, गोव्यात अळमी. गोव्यात वारुळाला रोयण म्हणत असल्यामुळे बाजारात ती रोयणीवरची अळमी म्हणून विकली जाते. पूर्व विदर्भात पावसाळ्यात निघणारे टेकोडे आणि सात्या ज्यांनी खाल्ल्या आहेत, त्यांना ही चव वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. शास्त्रात या वंशाला टर्मिटोमायसिस असे नाव आहे आणि ते फ्रेंच कवकशास्त्रज्ञ (कवक म्हणजे बुरशी, तिचे अभ्यासक) रॉजर हाइम यांनी १९४२ साली दिले. त्यांच्याच नावाची टर्मिटोमायसिस हाइमी ही जात १९७९ साली दक्षिण भारतातून नोंदली गेली.

तिच्या जन्माची रीत समजली की ती महाग का आणि नाशवंत का, हे दोन्ही प्रश्न बरेचसे सुटतात. वाळवी लाकूड आणि पालापाचोळा खाऊन आणते, पण त्यातला कठीण भाग तिला स्वतःला पचवता येत नाही. म्हणून ती जमिनीखाली मधाच्या पोळ्यासारखी दिसणारी एक मऊ रचना तयार करते आणि तिच्यावर हे कवक वाढू देते. कवक तो कठीण भाग मोडून काढते आणि मग वाळवी ते पोळे आणि त्यावरचे पांढरे दाणे खाते. वर्षभर हा व्यवहार आपल्या नजरेआड चालू असतो. पावसाच्या पहिल्या मोठ्या सरींनी जमीन खोलवर भिजली की त्या पोळ्यातून कोंब निघतात, मुळासारखा लांब देठ मातीतून वर चढतो आणि टोकदार छत्री जमीन फोडून बाहेर येते. वारूळ नेहमी उंचच असते असे नाही. पुष्कळदा सपाट जमिनीवरच अळंबीचा गालिचा उगवलेला दिसतो आणि खाली वाळवीची वसाहत आहे हे त्यावरूनच कळते. वाळवी आणि कवक यांची ही सांगड प्रयोगशाळेबाहेर जुळवून तिचे व्यापारी पीक घेणे अजून साधलेले नाही. म्हणून बाजारात येते ती सगळी रानातली, कोणीतरी पहाटे भिजत जाऊन काढलेली.

म्हापशाला मी गेले तेव्हा पाऊस थोडा उघडला होता. शुक्रवारच्या बाजारात भाज्या, केळी, सुकी मासळी यांची गर्दी नेहमीचीच. अळंबीवाल्या बायका मात्र ठरावीक गाळ्यात बसत नाहीत. कडेकडेने, प्लास्टिकचा तुकडा डोक्यावर घेऊन, पुढ्यात सागाच्या पानांच्या पुड्या मांडून त्या बसलेल्या असतात आणि माल संपला की उठून जातात. मी जिच्यापाशी थांबले त्या मावशी सत्तरी तालुक्याच्या बाजूच्या होत्या. शंभर नगांचे त्यांनी बाराशे रुपये सांगितले. ही अळंबी वजनावर नव्हे, नगावर विकतात. मला सुरुवातीला ती रीत अडाणी वाटली होती. पण मातीने लडबडलेल्या आणि पाण्याने फुगलेल्या या वस्तूचे वजन करून विकणेच ग्राहकाच्या तोट्याचे ठरले असते, हे घरी धुताना लक्षात आले. कधी काढली असे विचारल्यावर, "आयज फांतोडेर काडल्यांत, बाय," (आज पहाटे काढल्या) असे म्हणून त्यांनी पुडीचे वरचे पान बाजूला केले आणि एक अळंबी उचलून देठासकट माझ्या हातावर ठेवली. देठाच्या तळाशी वीतभर लांब, काळपट, निमुळते मूळ तसेच होते आणि त्याला ओली लाल माती चिकटलेली होती.

त्या मुळावर मी थोडे थांबणार आहे, कारण विकत घेण्याचा निर्णय मी बहुतांशी त्यावरच घेतला. ताजी अळंबी हलकेच ओढली की तिचे मूळ बरोबर येते. विक्रेतीने ते कापले नसेल तर दोन गोष्टी एकदम कळतात: माती ओली असेल तर काढणी त्याच दिवसाची आहे, आणि देठ खोल जमिनीतून आलेला असल्यामुळे ती वारुळाची असण्याची शक्यता मोठी आहे. छत्रीच्या मध्यभागी बोटाला टोचेल असे कडक टोक आहे का, हेही पाहावे; माती फोडून वर येण्यासाठी ते तसे असते. मात्र इतर काही भूछत्रांनाही मूळ असते, त्यामुळे एवढ्या खुणांवर रानात जाऊन स्वतः अळंबी वेचण्याचे धाडस मी करत नाही आणि कोणाला करू देणार नाही. माझ्या सासूबाईंनी साठ पावसाळे अळंबी पाहिली आहे, तरीही अनोळखी जागेवर उगवलेल्या छत्रीला त्या हात लावत नाहीत. "जागा ओळखीची असूक व्हयी," असे त्या म्हणतात, आणि अळंबी ओळखण्याविषयी ऐकलेले यापेक्षा शहाणपणाचे वाक्य मला आठवत नाही.

याचे कारण भीतीदायक आहे आणि ते स्पष्टच सांगितले पाहिजे. पावसाळ्यात हिरवळीवर, बागांत, मैदानांत उगवणारी एक मोठी पांढरी छत्री दिसायला फार लोभस असते. तिचे शास्त्रीय नाव क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस, आणि ती खाल्ल्यास काही तासांतच उलट्या आणि जुलाब सुरू होतात. तिची बीजुके, म्हणजे छत्रीखालून पडणारी भुकटीसारखी बारीक बीजे, हिरवट असतात, तर वारुळाच्या अळंबीची फिकट गुलाबी. अमॅनिटा वंशातल्या काही पांढऱ्या जाती त्याहून घातक आहेत: त्यांचे विष शिजवल्याने नष्ट होत नाही, लक्षणे सहा तासांनंतर, कधी कधी त्याहूनही उशिरा सुरू होतात, मध्ये एक-दोन दिवस रुग्णाला बरे वाटते आणि त्यानंतर यकृत निकामी होऊ लागते. चांदीचे नाणे काळे पडते का, लसूण काळा होतो का, किड्यांनी ती खाल्ली आहे का, या घरगुती परीक्षांपैकी एकीचाही भरवसा धरता येत नाही. खात्रीची म्हणावी अशी साधी परीक्षा म्हणजे छत्री कागदावर पालथी ठेवून पडणाऱ्या बीजुकांचा रंग पाहणे, आणि तीही इतर खुणांच्या जोडीनेच. पण तिला कित्येक तास लागतात, कधी रात्र जाते, आणि तेवढ्या वेळात बाकीची पुडी खाण्यालायक राहत नाही. स्वतःची ओळख पटेपर्यंत थांबायला जी वस्तू तयार नाही, तिच्या बाबतीत ओळख विकणाऱ्याच्या हातात असते. म्हणून कोणत्या वारुळावरची, कोणत्या गावची, किती वाजता काढलेली हे न अडखळता सांगणारी बाईच मला विश्वासाची वाटते. त्या मावशींनी तिन्ही सांगितले. मी शंभर घेतल्या.

आता नाशवंतपणाविषयी. अळंबीत सुमारे नव्वद टक्के पाणी असते आणि फळाला असते तशी रक्षक साल तिला नसते. काढल्यावरही तिचे श्वसन जोरात चालू राहते, तिची स्वतःची विकरे (एन्झाइम) तिला आतून मऊ आणि तपकिरी करू लागतात, आणि पावसाळी माश्यांनी रानातच घातलेल्या अंड्यांतून अळ्या बाहेर पडतात. हे ठाऊक असूनही प्रत्यक्ष किती तास मिळतात याचा अंदाज मला हवा होता. म्हणून घरी आल्यावर मी तीस अळंब्या बाजूला काढून त्यांचे दहा-दहाचे तीन वाटे केले. एक वाटा प्लास्टिकच्या बांधलेल्या पिशवीत ओट्यावर ठेवला, दुसरा वेताच्या टोपलीत सागाच्या पानावर पसरला, आणि तिसरा न धुता, फक्त माती झटकून, कागदाच्या पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवला.

प्लास्टिकमधल्या अळंब्यांना दुपारी दोनपर्यंतच घाम फुटला होता. पिशवीच्या आत पाण्याचे थेंब, देठ दाबल्यावर खळगा तसाच राहतो, अशी अवस्था. संध्याकाळी सहाला पिशवी उघडली तेव्हा मातीच्या गोड वासाऐवजी नासलेल्या मासळीसारखा वास आला आणि मी त्या टाकून दिल्या. टोपलीतल्या अळंब्या संध्याकाळपर्यंत ठीक होत्या, मात्र मिटलेल्या कळ्या तोवर अर्ध्या उमलल्या होत्या. रात्री नऊला त्यांपैकी दोन उभ्या चिरल्या, तर एकीच्या देठात अळ्यांनी पोखरलेल्या बारीक वाटा दिसल्या. कागदातल्या आणि फ्रिजमधल्या अळंब्या दुसऱ्या दिवशी सकाळी काठाशी किंचित तपकिरी पण कडक होत्या. त्यातल्या आठ मी वापरल्या, दोन टाकल्या. चवीत मात्र आदल्या दिवशीच्या अळंबीची सर त्यांना नव्हती. सागाच्या पानाची पुडी ही जुनी हौस आहे असे मला वाटत असे. ते पान ओलावा धरते आणि हवाही खेळू देते, म्हणूनच मावशींनी घरी जाईपर्यंत पुडी न सोडण्याविषयी दोनदा बजावले होते. कोवळ्या सागपानाचा लाल रंग अळंबीच्या देठांना लागतो, तो धुतल्यावर बराचसा जातो आणि त्याने काही बिघडत नाही.

नव्या ग्राहकांचा एक गैरसमज येथेच दूर करावासा वाटतो. उमललेल्या अळंबीच्या छत्रीखालच्या पापुद्र्यांवर गुलाबी झाक दिसली की अनेक जण ती शिळी समजून परत ठेवतात. ती झाक पक्व बीजुकांची असते, शिळेपणाची नव्हे. शिळी अळंबी ओळखायची ती स्पर्शावरून आणि वासावरून: देठ चिकट, छत्री बुळबुळीत, वास आंबूस. खाण्याजोगी जात असली तरी नासलेली अळंबी पोट बिघडवते, आणि मग दोष विषारी अळंबीवर जातो, जो खरे तर उशिराचा असतो.

धुण्याचे काम कंटाळवाणे आहे आणि त्यात सूट नाही. मुळाचा मातकट भाग सुरीच्या टोकाने खरवडून किंवा कापून टाकायचा, छत्री आणि देठ हळद-मिठाच्या पाण्यात बुडवून लगेच काढायचे, आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत हे करायचे. आमच्या घरी पाच पाणी लागले. पाण्यात भिजत ठेवायची नाही, कारण ती स्पंजासारखी पाणी पिते. चिरण्यापेक्षा हाताने उभी फाडलेली चांगली. फाडताना आत अळी असली तर दिसते, आणि कोंबडीच्या मांसासारखे जे तंतू निघतात त्यांतच रस्सा मुरतो. शंभर अळंब्यांतून तीस प्रयोगाला गेल्या, चार अळ्यांमुळे फेकल्या, उरलेल्या सहासष्टांत आम्हां पाच माणसांचे दोन प्रकार झाले.

पहिला प्रकार सुक्याचा. पसरट कढईत खोबरेल तेलावर कांदा, ठेचलेली हिरवी मिरची आणि हळद परतून फाडलेली अळंबी घातली. पाणी घालायचे नाही आणि झाकणही ठेवायचे नाही. दोन मिनिटांत अळंबी इतके पाणी सोडते की काहीतरी चुकले असे वाटते. ते तसेच मोठ्या आचेवर आटू द्यावे, आटताना मीठ घालावे, आणि कढईच्या कडेला अळंबी लागू लागली की ओले खोबरे आणि दोन आमसुले टाकून उतरवावे. अळंबीच्या पेशींची भिंत कायटिन या चिवट पदार्थाची असते आणि तो उष्णतेने विरघळत नाही, त्यामुळे वीस मिनिटे शिजवूनही तिचा लगदा होत नाही. रानातली कोणतीही अळंबी पूर्ण शिजवूनच खायची असल्याने हा गुण फार सोयीचा आहे. या सुक्याची चव शब्दांत पकडणे मला कठीण जाते. पहिल्या पावसाच्या मातीचा वास, त्यामागे भाजलेल्या खेकड्याची आठवण करून देणारा गोडवा, आणि चावताना दाताखाली येणारा कुरकुरीत देठ. लागवडीच्या अळंबीत यातले फक्त शेवटचे, तेही थोडे, मिळते.

दुसरा प्रकार सासूबाईंनी केला: भाजलेले सुके खोबरे, भाजलेला कांदा, धणे, मिरी, लवंग आणि लाल मिरची यांचे वाटप लावून रस्सा, सोबत घावणे आणि उकड्या तांदळाचा भात. घरातली दोन मुले याच्यावर खूश होती. माझे मत मात्र वेगळे आहे. वाटपाचा रस्सा उत्तम झाला, पण त्यात काजू घातले असते किंवा धिंगरी, तरी तो तितकाच उत्तम झाला असता. बाराशे रुपयांची आणि एका पहाटेची वस्तू गरम मसाल्याखाली झाकली जाते. आमच्याकडे श्रावणात मासळी बंद असते आणि त्या दिवसांत तिची उणीव भरून काढण्यासाठी अळंबीचा असा झणझणीत रस्सा करण्याची पद्धत पडली असावी असे मला वाटते. ती पद्धत मोडावी असे नाही. पण पहिली पुडी तरी सुक्यासाठी राखावी. पहिल्यांदाच खाणाऱ्याने थोडीच खावी, कारण चांगली अळंबीही काहींना पचायला जड जाते. उरलेले सुके मी फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा नीट गरम करून वाढले, तेव्हाही ते चांगले होते. हंगाम लांबवायचाच असेल तर परतून, पाणी आटवून मग गोठवावी. कच्ची गोठवलेली अळंबी बाहेर काढल्यावर लिबलिबीत होते. उन्हात वाळवण्याचा सल्ला काही जण देतात, पण ज्या दिवसांत ही मिळते त्या दिवसांत कोकणात ऊन कुठले.

महामार्गाच्या कडेची खरेदी थोडक्यात सांगते. श्रावणाच्या सुरुवातीला एका रविवारी परतीच्या वाटेवर, दुपारी बाराच्या सुमारास, दोन मुलगे पुड्या घेऊन उभे दिसले. दर शंभराला हजार, म्हणजे म्हापशाहून कमी. वरच्या थरातल्या अळंब्या सुरेख होत्या. तळाच्या थरात साधारण पाव हिस्सा आदल्या दिवसाचा निघाला, मुळे कापलेली, देठ मऊ. त्या मुलांना मी दोष देत नाही. पावसात दिवसभर उभे राहून न खपलेला माल दुसऱ्या दिवशी कोण फेकून देईल? पण गाडी रस्त्यावर थांबवून, मागून भोंगे वाजत असताना पुडी तळापर्यंत उघडून पाहणे कोणालाच जमत नाही, आणि ही खरेदी तळापर्यंत पाहिल्याशिवाय करण्यासारखी नाही. बाजारात मावशींनी पुडी माझ्यासमोर मोजून बांधली होती. दोनशे रुपयांचा फरक त्या मोजण्याचा होता असे मी समजते.

घरपोच सेवेचा अनुभव वाईट आहे. नाव देत नाही. फोनवर संदेश पाठवून मागणी नोंदवायची, पैसे आधी भरायचे, "रानातून थेट तुमच्या दारी" असे आश्वासन. सोमवारी संध्याकाळी मागणी नोंदवली. पन्नास अळंब्या मंगळवारी दुपारी चारला आल्या, फोमच्या तबकात, वरून ताणून बसवलेल्या पारदर्शक प्लास्टिकखाली. अळंबी कधी काढली याचा उल्लेख कुठेही नव्हता, मुळे साफ कापलेली होती, धुऊन पाठवल्या होत्या. धुणे ही त्यांनी सोय म्हणून केलेली गोष्ट होती, आणि तीच सर्वांत नडली: ओली अळंबी हवाबंद केल्यावर तिचे जे होते ते मी घरच्या प्रयोगात सहा तासांत पाहिले होते, येथे तर त्याहून अधिक वेळ गेलेला. तबक उघडताच वास आला. फोन केल्यावर समोरून सांगण्यात आले की पुन्हा एकदा धुऊन घ्या, चालेल. मी आग्रह धरल्यावर अर्धे पैसे परत मिळाले. पैशांपेक्षा मला त्या सल्ल्याचा राग आला, आणि अजूनही आहे. एखाद्या घरी कोणी तो मानला असता, ती अळंबी लहान मुलांना वाढली असती, तर काय झाले असते? ज्या वस्तूची ओळख आणि ताजेपणा या दोन्हींसाठी ग्राहकाला विक्रेत्यावर विसंबावे लागते, ती वस्तू विकणाऱ्याने काढणीची वेळ लिहून दिलीच पाहिजे, आणि तेवढे करता येत नसेल तर हा व्यवसाय करू नये.

खानावळीतले ताट मात्र मनापासून आवडले. सिंधुदुर्गातल्या एका लहान घरगुती खानावळीत पावसाळ्यात अळंबी मिळाली तरच ती ताटात असते, नाही तर फळ्यावर लिहीत नाहीत. आम्ही फोन करून विचारले तेव्हा मालकीणबाईंनी सांगितले की आज आलेली नाही, आणि दुसऱ्याच दिवशी स्वतःहून फोन करून बोलावले. सुके अगदी साधे होते, खोबरे कमी, मिरची थोडी जास्त, सोबत सोलकढी. वाटीचा आकार लहान आणि पुन्हा मागितल्यावर मिळाली नाही, कारण पंचवीस पानांना पुरवायची होती. मला ते योग्यच वाटले.

या सगळ्यात एक अवघडलेपण आहे आणि ते लपवून परीक्षण पुरे होणार नाही. ग्राहकाला मिटलेली कळी हवी असते, कारण ती टिकते थोडी जास्त आणि दिसते देखणी. पण मिटलेल्या कळीने बीजुके सोडलेली नसतात. सगळ्या कळ्या काढून नेल्या तर नव्या वारुळांपर्यंत ते कवक पोहोचण्याची वाट आपण बंद करतो. गोवा विद्यापीठात कवकांवर दीर्घ काळ संशोधन केलेले डॉ. नंदकुमार कामत यांनी या अळंबीच्या बेसुमार काढणीविरुद्ध वर्षानुवर्षे लिहिले आहे, आणि ते वाचल्यापासून मी पुडी निवडण्याची रीत बदलली. आता मी अर्ध्या उमललेल्या अळंब्या मागते. त्यांना कळ्यांपेक्षा दोन-तीन तास कमी मिळतात, पण ज्याला त्याच दिवशी शिजवायची आहे त्याला त्याने फरक पडत नाही. उलट उमललेली अळंबी आकाराने मोठी असल्यामुळे नगावरच्या खरेदीत भाजी जास्त होते. म्हादई, नेत्रावळी, कोटीगाव यांसारख्या अभयारण्यांतून परवानगीशिवाय काहीही काढून आणण्यास १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे, म्हणून जागा विचारण्याला हेही एक कारण आहे. मावशींची वारुळे त्यांच्या काजूच्या बागेतली होती.

मी त्यांना विचारले की वारूळ खणून आतली अळंबी काढता का. त्यांनी कानाला हात लावला. गोव्यात आणि आमच्या सिंधुदुर्गात सातेरी देवीची पूजा वारुळाच्या रूपात होते. त्यामुळे वारुळाला कुदळ लावणे त्यांच्या मनात येत नाही, वर आलेली तेवढीच घ्यायची. पण सगळेच तसे राहिलेले नाहीत, बाहेरून येणारे खणतात आणि मग त्या जागी पुढच्या वर्षी काही येत नाही, असेही त्या म्हणाल्या. वारूळ मोडले की आतले पोळे मोडते आणि पोळे मोडले की अळंबी संपते, हे वर सांगितलेल्या रचनेवरून कोणालाही पटावे.

दराविषयी शेवटचे. शंभराला बाराशे हा दर मला जास्त वाटला नाही. पण लहान कुटुंबाने शंभर घेणे मात्र चुकीचे आहे, कारण दोन-तीन माणसांच्या घरात ती दुपारपर्यंत संपत नाही आणि उरलेली वाया जाते. हंगामाच्या दुसऱ्या फेरीत मी त्याच मावशींना कमी देता का म्हणून विचारले. त्यांनी एक सागाचे पान अर्धे दुमडले, माझ्यासमोर पंचवीस अर्ध्या उमललेल्या अळंब्या मुळांसकट मोजल्या, वर एक जास्तीची ठेवली, आणि केळीच्या सोपाने बांधून पुडी हातात दिली.